टोकाचं नेढं

"आणि ही बघा खरी गंमत! सुईचं नेढं मागे नाही, टोकाला आहे!"

संग्रहपालाने टाळी वाजवून सांगितलं. समोरच्या जोडप्याने माना डोलावल्या. "वा, छान," नवरा म्हणाला. बायकोने फोटो काढला. दोघं पुढच्या दालनात निघून गेली.

संग्रहपालाने चोरून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे स्टुलावर परीक्षक बाई बसल्या होत्या. सकाळपासून तशाच. पर्स मांडीवर, हात पर्सवर. यंत्रांचा इतिहास सांगणाऱ्या दालनांमधलं सर्वांत उत्तम दालन त्या निवडणार होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नव्हती.

त्याचं दालन शिलाई मशीनचं होतं. माणसाच्या उंचीची लाकडी सुई त्याने स्वतः तासून घेतली होती. सुईत लाल दोर. खाली होडीसारखं शटल, त्यात निळा दोर. मधे कापड म्हणून जाडजूड घोंगडी ताणलेली. बाजूचं चाक फिरवलं की सुई खाली जायची आणि डोळ्यांदेखत एक टाका पडायचा. पण संचालकांनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, सन्मान मिळाला तर दालन राहील. नाही मिळाला तर ते मोडून तिथे कार्यालयाची टेबलं येतील.

म्हणून आज त्याने काहीच नशिबावर सोडलं नव्हतं. पाहुण्याचं पाऊल आत पडायचा अवकाश, हा हजर. चाक तोच फिरवायचा. चाक उलटं फिरलं की दोर गुंततो, आणि परीक्षकांसमोर गुंता झाला तर संपलंच. सुई कुठे पाहायची, शटल कधी पाहायचं, नवल कशाचं वाटून घ्यायचं, सगळं तोच सांगत होता. लोक ऐकायचे, "छान" म्हणायचे आणि जायचे. प्रत्येक "छान"नंतर तो कोपऱ्याकडे बघायचा. कोपरा ढिम्म.

आता एक आजी आत आल्या. बरोबर शाळकरी नात आणि नातीचा मामा. संग्रहपाल घसा खाकरून पुढे झाला, तोच तिकीट खिडकीवरच्या ताईंनी दारातून हाक मारली.

"सर, संचालकांचा फोन."

"आत्ता? सांगा, मी कामात आहे."

"सांगितलं. ते म्हणाले, कामाबद्दलच बोलायचंय. चला, आणि येताना पाणी प्या जरा. तुमचा घसा बसला तर उद्या मलाच बोलावं लागेल."

त्याचा नाइलाज झाला. बाहेर येऊन त्याने फोन कानाला लावला. डोळे मात्र काचेच्या दारातून आतच होते. आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

"काय म्हणताहेत बाई?" संचालकांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाहीत, साहेब."

"काहीच नाही म्हणजे अवघडच दिसतंय. सुताराला मोजमापं घ्यायला बोलावून ठेवू का?"

"नको, साहेब, थांबा ना जरा..." तो बोलता बोलता अडखळला. आत मामाने चाकाला हात घातला होता. "उलटं! अहो, उलटं फिरवतोय!"

"कोण? काय उलटं?"

लाल दोर पिळला. निळा त्यात अडकला. आजींनी मामाच्या हातावर चापट मारली. नात गुडघ्यांवर बसून घोंगडीखाली शिरली आणि दोर ओढू लागली. मामा वरून काहीतरी सांगत होता, आजी त्याला गप्प करत होत्या. तिघांचं चांगलंच जुंपलं होतं. संग्रहपालाच्या कपाळावर घाम आला. कोपऱ्यातल्या बाई उठल्या. गुंत्याजवळ गेल्या, वाकल्या, बराच वेळ तशाच राहिल्या. मग सरळ दाराकडे चालत आल्या.

त्याने फोन तसाच टेबलावर ठेवला.

"बाई, माफ करा. एरवी मी कुणाला चाकाला हात लावू देत नाही."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार अर्धं उघडून धरलं. आतले आवाज बाहेर आले.

"हाताने शिवताना सुई आरपार जाते. पलीकडचा हात तिला ओढून घेतो," आजी सांगत होत्या. "इथे पलीकडे हात आहे का? बघ बरं."

"सुई सुटतच नाही, आई. दांड्याला घट्ट बसवलीय. अर्धी जाते आणि परत येते," मामा म्हणाला.

"मग दोरा पलीकडे जाणार कसा? सांग की, मोठा शहाणा!"

मग घोंगडीखालून नात ओरडली, "आजी! नेढं बघ! नेढं टोकाला आहे! टोक आत गेलं की दोरा आत! अख्खी सुई जायला नकोच!"

"अगं बाई," आजी म्हणाल्या. "जन्मभर मशीन चालवलं मी. हे कधी मनातच आलं नाही."

"मी उलटं फिरवलं म्हणून कळलं," मामा म्हणाला.

"गुंता करून वर तोंड करून सांग! आता सोडव तो."

पुन्हा तिघं दोरांवर वाकली. नात आता मामाला शिकवत होती. निळा आधी, मग लाल. "बरोबर!" म्हणायला संग्रहपाल आत धावणार, तोच बाईंनी हात आडवा घातला. तो जागीच थांबला. आतली तिघं आता लवकर बाहेर येतील असं काही दिसत नव्हतं.

"बाई," त्याने दबक्या आवाजात विचारलं, "गुण किती कापलेत?"

"कापणार होते," बाई म्हणाल्या. "दालनात एकच दोष दिसत होता. तो मघाशी फोन घ्यायला बाहेर आला."