मार्शलसाहेबांची सलामी

विमानाचं दार उघडलं, तरी पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशाच्या राष्ट्रगीताचं नोटेशन बहारीनला पोहोचलंच नव्हतं. साल १९७४. स्वागताच्या सरकारी बँडचे मास्तर रजेवर, आणि जबाबदारी ट्रंपेटवाल्या निकोलसवर.

"वाजवायचं काय?" ढोलवाला बर्नार्ड कुजबुजला.

अख्खा बँड वसईचा. कागदाशिवाय सगळ्यांना येणारी धून एकच: लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर निघतात, ती.

"उंबराचं पाणी घे," निकोलस म्हणाला. "पण सावकाश. देशभक्तीने."

नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले कॅप्टन तोंबा जिन्यावरच थबकले. हात सलामीला गेला, डोळे भरून आले. मागच्या माणसाने घाईघाईने टेपरेकॉर्डर पुढे धरला.

निकोलसच्या अंगावर काटा आला. एवढा मोठा माणूस, आणि आपल्या विहिरीच्या वाटेवर असा ताठ उभा!

"कुणाला कळलं तर नोकरी खलास, व्हिसा खलास," घरी निकोलसची बायको मॅगी म्हणाली. "मग वाजव वसईत, खऱ्या लग्नांत."

परतलेल्या मास्तरांनी नोटेशन मागवलं. तिकडून उत्तर आलं: मागच्या वेळी वाजवलंत तेच चालू द्या.

तोंबा पुढे येतच राहिले. जनरल होऊन आले, मग मार्शल होऊन. मग आजन्म राष्ट्रपिता झाले, तेव्हा छातीवर पदकं इतकी की चालताना तेही थोडे वाजत. दर वेळी तीच धून, तीच सलामी. सोबतच्या मंडळींचे ओठ हलत.

"प्रार्थना करत असतील," बर्नार्ड म्हणाला. "या माणसाबरोबर विमानात बसायचं म्हणजे मीही केली असती."

१९८३ साली एका सकाळी रेडिओने सांगितलं: लष्कराने तोंबांना हाकललं. निकोलसचा चहा निवून गेला. "एवढा डोंगराएवढा माणूस, मॅगी! न्याहारीच्या आत संपला."

"त्याचं सोड. आता नवे येतील," मॅगी म्हणाली, "आणि त्यांना स्वतःचं राष्ट्रगीत येत असेल."

नवे आलेच. त्यांच्याआधी त्यांचा मेजर आला, कॅसेट घेऊन.

"त्या जुलमी माणसाचं आम्ही सगळं पुसून टाकलं. नोटा, रस्ते, पुतळे," तो बँडला म्हणाला. "पण राष्ट्रगीत आमच्या पूर्वजांचं आहे. हजार वर्षांचं. त्यात चूक चालणार नाही. आधी नीट ऐका."

निकोलसने टोपी काढून काखेत धरली. मनातल्या मनात त्याने सामानही बांधायला घेतलं.

मेजरने बटण दाबलं. हजारो कंठांतून, सावकाश, देशभक्तीने, उंबराचं पाणी निघालं.