यजमानाचा ग्लास

बस दारात थांबली तशी लॉजवाल्याने आधी काउंटरवरचा बायकोचा फोटो ड्रॉवरमध्ये पालथा घातला आणि मग चेहरा हसरा केला. फोटो दिसला की गिऱ्हाईक विचारतं, कशाने गेल्या? काविळीने म्हणावं तर ते उंबऱ्यावरूनच माघारी फिरतं. खोटं बोलावं, तर तिच्या डोळ्यांदेखत बोलायचं कसं?

काविळीची साथ सरून चार महिने झाले होते आणि तेव्हापासूनची ही पहिली बस. नगरपालिकेने शहरभर फलक लावले होते: 'पाणी शुद्ध. मुक्काम अर्ध्या दरात.' उरलेला अर्धा दर नगरपालिका भरणार, पण एका अटीवर. पाहुण्याने रजिस्टरमध्ये सही करायच्या आधी यजमानाने त्याच्यासमोर नळाचं पाणी ग्लासभर प्यायचं.

टूरवाला एकटाच आत आला. बावीस माणसं बसमध्येच बसून राहिली, काचेला नाक लावून.

"प्या काका," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

लॉजवाल्याने कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला, ग्लास भरला, उजेडात धरून दाखवला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. तरी टूरवाला काही रजिस्टरकडे वळेना.

"तुमचं काय हो, तुमचा पिंडच या पाण्यावर पोसलेला. तुम्ही दगडही पचवाल."

तेवढ्यात जिन्यावरून सून उतरली. एका हातात आठ खोल्यांच्या चाव्या, दुसरा हात कठड्यावर. सातवा महिना चालू होता. नवरा अर्ध्या दराची पाटी घेऊन स्टेशनवर उभा, म्हणून चादरी घालण्यापासून सगळं तिच्याच गळ्यात. टूरवाल्याची नजर तिच्या पोटावर गेली आणि तिथून जिन्याखाली ठेवलेल्या पाण्याच्या जारवर.

"हा जार कुणासाठी?"

"तो होय? रिकामा आहे तो," लॉजवाला म्हणाला.

घाईत बोललेलं खोटं कधी टिकलंय? टूरवाल्याने बुटाच्या टोकाने जार ढकलून पाहिला. जार जागचा हलला नाही.

"म्हणजे घरच्यांना विकतचं आणि आम्हाला नळाचं."

"तसं नाही हो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तिला. अशा दिवसांत कावीळ झाली तर..." पुढचं त्याने गिळलं. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. "पाणी चांगलंय. तीनदा तपासलंय. फक्त हिला नको, इतकंच."

"काका, मी वाईट माणूस नाही," टूरवाला म्हणाला. आणि तो नव्हताही. "बावीस घरांना मला तोंड दाखवायचंय. पाणी चांगलं असेल तर ताईंना प्यायला हरकत काय? आणि हरकत असेल तर मी तरी कशाला थांबू? मी तर सीझनभर दर रविवारी एक बस आणणार होतो."

ही बस परत गेली तर लॉजला कुलूप लावायचं, हे कालच जेवताना घरात ठरलं होतं. कुलूप लावून जायचं कुठे, हे मात्र कुणीच बोललं नव्हतं.

लॉजवाल्याने रजिस्टर मिटलं. "राहू द्या मग," तो म्हणाला. "न्या तुमची बस."

सुनेने चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि ग्लास उचलला.

"सूनबाई, ठेव तो."

"बाबा, सरका."

"अगं, माझी शपथ आहे तुला."

तिने नळ सोडला. काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन ती दारात गेली, बसमधल्यांना नीट दिसेल अशी उभी राहिली आणि प्यायली. घोट घोट, सावकाश, सगळा. सासऱ्याला बघवेना, त्याने भिंतीकडे तोंड केलं. बसमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग काय विचारता. दहा मिनिटांत आठही खोल्या भरल्या. जिन्यात बॅगांची आदळआपट, खिडकीच्या खोलीवरून दोन जावांची कुरबुर, कुणाची चप्पल हरवलेली. इतक्या दिवसांनी लॉज लॉजसारखा वाटला. टूरवाल्याने ऐटीत सही ठोकली.

"मानलं ताई तुम्हाला," तो म्हणाला. "आता एक करा. वर बाटलीबंद पाणी पाठवा, चार खोकी. सील मी स्वतः बघेन."

लॉजवाला त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो, पण आत्ताच तर तिने..."

"माझी खात्री पटली हो. लोकांच्या मनाला काय करू?" टूरवाला दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "आणि रविवारी दुसरी बस आहे. तेव्हाही पाणी ताईंनीच प्यायचं. तुमच्या पिण्याने कुणाचं समाधान होत नाही."

तो वर गेला. लॉजवाल्याने रजिस्टर ठेवायला ड्रॉवर उघडला. फोटो पालथाच होता. तो सरळ करायचा त्याला धीर झाला नाही.

"सूनबाई," तो म्हणाला, "त्यावर जारमधलं तरी घे गं थोडं."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ग्लास विसळला आणि बेसिनपाशी पालथा घालून ठेवला, रविवारी हाताशी असावा म्हणून.