अकरा नंबरचा अंधार

सात वाजायला बारा मिनिटं होती आणि आज अकरा नंबरचा फीडर, म्हणजे शहराच्या एका भागाला वीज नेणारी लाइन, बंद करायचा होता. बंद करणार होती ती स्वतः. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधली ती खुर्चीच तशी होती. आणि त्याच अकरा नंबरवर, शहराच्या टोकाच्या नाट्यगृहात, बरोबर सात वाजता तिच्या आईचा पहिला प्रवेश होता.

आईचं वय सहासष्ट. तीस वर्षं तिने तिथल्या हौशी नाटक मंडळीचे पोशाख शिवले, विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या बाह्यांना टाके घातले. सगळ्या नाटकांचे संवाद तिला तोंडपाठ, पण रंगमंचावर तिला कधी कोणी बोलावलं नाही. या वेळी बोलावलं. महिनाभर घरातल्या भांड्याकुंड्यांनाही तिचे संवाद ऐकावे लागत होते. नाट्यगृहाला जनरेटर नव्हता.

"माझ्यापायी नोकरीत काही गडबड करू नकोस हं," आईने सकाळीच बजावलं होतं. "अंधार झाला तर अंधारात बोलेन."

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेर डेटा सेंटर उभं राहिलं, तेव्हापासूनची ही रड. बिनखिडक्यांची लांबलचक इमारत आणि आत कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं. ती शिकत होती म्हणे, आणि शिकता शिकता निम्म्या शहराइतकी वीज गट्ट करत होती. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की वीज पुरेना. मग रोज सात ते नऊ एकेका भागाचा नंबर लागायचा. डेटा सेंटरला मात्र बोट लावायचं नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खुर्चीबरोबर तोही मिळायचा.

आजचा अंधार बारा नंबरवर ढकलणं तिला जड नव्हतं. पण तिथेही कोणाची तरी आई असणारच. तिने यादीला हात लावला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. डेटा सेंटरचा इंजिनिअर. आवाज भारदस्त, पण स्वभाव असा की कंट्रोल रूममध्ये त्याचं नावच 'काळजीवाहू' पडलं होतं. रोज याच वेळी फोन, रोज तोच प्रश्न.

"मॅडम, आज यंत्रांना काम जरा जास्त आहे. भार आणखी वाढेल. तुमच्याकडे काही अडचण नाही ना? मला आपलं उगाच टेन्शन येतं."

यावरचं ठरलेलं उत्तर होतं, 'चालू द्या.' एवढंच. त्या फोनवर गप्पा चालत नसत. तिथे उच्चारलेलं वाक्य म्हणजे हुकूम. ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि लगेच अमलात आणायचा. शिफ्टचे साहेब याबाबतीत इतके कडक, की त्यांना मागून सगळे हेडमास्तर म्हणत. पण आज तिला त्या माणसाची दया आली. हाही आपल्यासारखाच जीव टांगणीला लावून बसलाय, असं वाटलं आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणून गेली, "अहो, तुम्ही लोड घेऊ नका."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "लोड घेऊ नका. समजलं." फोन बंद.

चला, एकाची तरी काळजी मिटली, असं मनाशी म्हणत ती अकरा नंबरच्या स्विचकडे वळली.

सहा त्रेपन्नला भिंतीवरचा शहराच्या एकूण भाराचा मोठा आकडा घसरायला लागला. तिला वाटलं, मीटरच बिघडला. साहेब चहा तसाच टाकून उठले. "डेटा सेंटरचा भार उतरतोय! हे कोणी केलं?" सातच्या ठोक्याला आकडा मर्यादेच्या लाल रेषेच्या चांगलाच खाली होता, आणि रेषेखाली असताना कोणाचीही वीज तोडायची नाही, हे तर लेखी होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळं शहर उजेडात राहिलं.

सात वाजून चार मिनिटांनी भावाने नाट्यगृहातून तिला मोबाइल लावला आणि काही न बोलता नुसता धरून ठेवला. आईचा आवाज! कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. मग हशा आणि कडाडून टाळ्या. ती खुर्चीतच हसली आणि रडली, दोन्ही एकदम. इतका आनंद तिला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता. कंट्रोल रूममध्ये मोबाइलला बंदी आहे, हे हेडमास्तर त्या दिवशी सोयीस्कर विसरले.

पुन्हा फोन. "मॅडम, सांगितल्याप्रमाणे लोड सोडलाय. परत कधी घेऊ?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचे कान लाल झाले. "अहो, तो हुकूम नव्हता," ती खरं तेच बोलली. "टेन्शन घेऊ नका, एवढंच म्हणायचं होतं मला."

साहेबांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. नोकरी गेली असं समजून ती उभीच राहिली.

"यंत्रं अशी थांबवली, तुमचं फार नुकसान झालं असेल?" साहेबांचा आवाज नरम होता.

"छे हो! लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रं चालूच आहेत. थांबलीय ती नुसती नव्या यंत्रांची शिकवणी. ती संध्याकाळी काय नि पहाटे काय! सांगाल तर रोज दोन तास थांबवू. म्हणून तर रोज फोन करून विचारतो ना साहेब. तुमचं आपलं एकच, चालू द्या, चालू द्या! आमच्या इथले दिवे कधी गेले नाहीत. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे वीज उतू चाललीय."