घड्याळजींचं पथ्य

मेहुण्याने चमचा बाजूला ठेवून अर्धं ग्रेपफ्रूट दोन्ही हातांनी तोंडाला लावलं, तेव्हा घड्याळजींनी आपली खुर्ची हातभर मागे सरकवली.

रस हनुवटीवरून मनगटावर ओघळला. मेहुण्याने मनगट चाटलं. मग सालीच्या आतला पांढरा भाग दातांनी खरवडला आणि बिया थू थू करत ताटलीत टाकल्या. त्यातली एक घरंगळत टेबलावर आली. लाळेने नुसती चकाकत होती.

"घ्या हो भाऊजी, एक फोड. पथ्य काय, रोजचंच आहे."

"मला ते फळ चालत नाही," घड्याळजी म्हणाले. "आणि चाललं असतं तरी तुझ्यासमोर बसून घशाखाली उतरलं नसतं."

मेहुणा खो खो हसला. तोंडात काय काय होतं ते सगळं दिसलं.

हे असं तीन महिने चाललं होतं. मेहुणा फळांच्या घाऊक बाजारात टेम्पो चालवायचा. खोली मिळेपर्यंत म्हणून बहिणीकडे आला आणि मुक्कामच ठोकून बसला. बाजारात दबलेली, डागाळलेली ग्रेपफ्रूटं फुकट मिळायची, ती पिशव्या भरभरून आणायचा. दिसायला थोराड संत्र्यासारखं, आतून लाल, कडसर फळ. आणि नेमकं तेच घड्याळजींना वर्ज्य. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली त्याच दिवशी औषधांच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं. बाकीची फळं खुशाल खा, पण या गोळीवर ग्रेपफ्रूट नको. गोळी अंगात साठत जाते आणि स्नायूंची वाट लावते.

सांगायची गरजच नव्हती. घड्याळजी म्हणजे चिमट्याशिवाय स्क्रूला हात न लावणारा माणूस. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याकडे बघूनही त्यांना शिसारी यायची. मेहुणा आला तसा त्यांनी आपला पेला वेगळा केला, ताटली वेगळी केली, सुरी वेगळी केली. बायको मात्र भावाची ती बरबटलेली ताटली न कुरकुरता लगेच आत घेऊन जायची. तेवढं एक बरं होतं, नाहीतर माशांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

बायकोला काही टाकवतच नसे. साबणाच्या चिपट्या चिकटवून ती नवा साबण करायची. घड्याळजी त्यावरून तिची टर उडवायचे, पण तिच्या हातच्या चवीपुढे त्यांचं काही चालत नसे. हल्ली ती घरीच मार्मालेड करायला लागली होती, बाजारात संत्र्याच्या सालींचा मिळतो तसला जॅम. सकाळी पावाच्या दोन तुकड्यांवर दोन भरगच्च चमचे. आधी गोड, मग जिभेवर रेंगाळणारा जरासा कडवटपणा. त्या घरात निर्धास्त तोंडात घालावी अशी तेवढीच एक वस्तू उरली होती.

आधी पोटऱ्या दुखायला लागल्या. मग दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागलं. नंतर बोटांतला जोरच गेला. चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले, आणि एका सकाळी लघवी बिनदुधाच्या चहासारखी झाली. त्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "स्नायू झिजतायत तुमचे. ग्रेपफ्रूट खाता?"

"त्याचं नाव काढलं तरी मला मळमळतं, डॉक्टर."

"रस? सरबत?"

"पाणीसुद्धा माझ्या वेगळ्या पेल्यातून पितो."

"मग कुठून तरी नकळत जातंय. गोळी तूर्त बंद, पाणी भरपूर प्या, परवा परत रक्त द्या. पण तुमच्या हृदयाला ही गोळी लागणारच आहे. घरात शोधा. किडनीवर गेलं तर दुकान विसरायचं."

घड्याळजींनी फार शोधलंच नाही. घरी येऊन आपली सुरी डोळ्याला भिंग लावून पाहिली. मुठीपाशी लाल गराचा एक धागा वाळून चिकटला होता.

"आज या घरात हा राहील नाहीतर मी," ते बायकोला म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी सुरी तिच्यासमोर धरली.

"अहो, त्या फळाचा एक थेंब तुमच्या पोटात जाऊ दिला नाही मी," बायको रडवेली झाली. "शपथ घेऊन सांगते."

"मग ही सुरी काय सांगतेय?"

मेहुण्याने मान खाली घातली. "एकदाच घेतली होती, भाऊजी. माझी सापडत नव्हती." त्याने बॅग भरली. दाराशी आल्यावर हात पुढे केला. हात चिकट होता म्हणून घड्याळजींनी तो घेतला नाही. "तब्येतीला जपा," एवढंच म्हणून तो गेला, आणि बायकोने दार लावताना डोळे पुसले.

घड्याळजींनी सुरी कचऱ्यात टाकली. टेबल, खुर्ची, दाराची कडी, सगळं गरम पाण्याने तीन तीन वेळा पुसून काढलं. हातात जोर नव्हता तरी पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल लखलखीत होतं. समोर कुणी मचमच करत नव्हतं. कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली. पावाला मार्मालेड लावून संपलं तशी त्यांनी बरणीच तोंडाजवळ घेतली, तळाशी बोट फिरवलं आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. बोट चाटलं.

"संपलं हे," ते म्हणाले. "नवी बरणी काढ."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आता कुठली नवी?" ती म्हणाली. "त्याला घालवलंत ना? त्याच्याच ताटलीतल्या साली रोज धुऊन घ्यायचे मी. दात लागलेल्या कडा तेवढ्या कापून टाकायचे."