एक रेघ

शेडमध्ये चौदा मशिनी होत्या. त्यांतल्या अकरांवर निळी ताडपत्री टाकलेली होती. कोपऱ्यात काचेची तपासणी खोली, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या, जाडी मोजायचे दोन मायक्रोमीटर आणि दोन माणसं. माणूस मात्र एकच ठेवायचा होता.

गाड्या विकल्या जात नव्हत्या, म्हणून गाड्यांच्या कंपन्यांनी ऑर्डरी कापल्या. त्यामुळे वाळूज एमआयडीसीतल्या रात्रपाळ्या बंद झाल्या. रात्रपाळीची पोरं गावी परतली, तशा बजाजनगरातल्या खोल्यांवर 'भाड्याने देणे'च्या पाट्या लागल्या. आता मंदी काचेच्या खोलीपर्यंत आली होती.

"सध्या एकच जण परवडतो," मॅनेजर विश्वजीत सरांनी शुक्रवारी सांगितलं होतं. "सोमवारी पुण्याहून कालिंदी मॅडम येतायत. दोघांनी तेच दहा पार्ट मोजायचे, एकमेकांचं न बघता. मग बघू."

ज्याची मापं बरोबर येतील तो राहणार, असं गोकुळने धरलं.

तो आणि हिमांशू एकाच महिन्यात लागले होते. तरी पाहुणे आले की सर हाक मारत ती हिमांशूला. हिमांशूचं अक्षर छापल्यासारखं. त्याची बायको सई बँकेत. त्याच्या शर्टाला कधी तेलाचा डाग पडत नसे, आणि हे गोकुळला सगळ्यात जास्त सलत असे. एकाच मशीनचं तेल दोघांच्या अंगावर उडायचं, मग डाग आपल्यालाच कसा?

रविवारी बायकोनेही तेच ऐकवलं. "हिमांशूभाऊजींनाच ठेवतील बघा," प्रेरणा म्हणाली. "लोकांशी बोलायची रीत हाय त्यांना."

"अन् मला नाय?"

"तुम्ही नुसतं मोजता."

सोमवारी सकाळी दोघांनी आपापल्या मायक्रोमीटरचे जबडे मिटवून माप शून्य येतं का ते पाहिलं. दोन्ही बरोबर होते. मॅडमची गाडी यायला अवकाश होता.

"तुझं बरंय यार," हिमांशू पेटी बंद करत म्हणाला. "कंपनी बुडाली तरी बिडकीनला घर आहे, भाऊ आहेत, ज्वारी आहे. मी काय करू? गुलमंडीतल्या दुकानात कापड मोजू?"

"मोज की. त्यात बी पहिला नंबर काढशील."

दोघंही हसले. गोकुळला वाटलं, हा आत्तापासूनच आपल्याला गावाकडं धाडतोय.

तपासणी खोली रिकामी ठेवायची नाही, असा नियम होता. म्हणून चहाला दोघं पाळीपाळीने जात. आधी हिमांशू गेला.

दुसऱ्याच्या मायक्रोमीटरला हात लावायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. गोकुळने हिमांशूची पेटी उघडली. शून्य जुळवायची वाकडी चावी आत असतेच. ती मायक्रोमीटरच्या नळीच्या भोकात अडकवून त्याने अगदी किंचित फिरवली. एक रेघ. मिलिमीटरचा शंभरावा भाग, केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढा. आता हिमांशूचं प्रत्येक माप तेवढं जास्त येणार होतं. जबडे पुन्हा थोडे उघडे ठेवून त्याने पेटी लावली.

हिमांशू परतला. "जा, घेऊन ये. आज आलं जास्त टाकलंय. मी आहे इथं."

गोकुळने चहा सावकाश प्यायला. आठवड्यात पहिल्यांदाच तो त्याला गोड लागला.

कालिंदी मॅडम आल्या, त्यांनी टेबलावर दहा पिना मांडल्या. "शून्य पुन्हा पाहायचं असेल तर पाहून घ्या."

गोकुळने आपलं शून्य पाहिलं असतं, तर हिमांशूनेही पाहिलं असतं.

"सकाळीच पायलंय, मॅडम."

"माझंही झालंय," हिमांशू म्हणाला.

गोकुळने मनातल्या मनात हुश्श केलं.

एक जण आत मोजत होता तेव्हा दुसरा बाहेर थांबला. मॅडमनी सगळे आकडे लॅपटॉपवर घेतले. गोकुळला राहवलं नाही.

"मॅडम, बरोबर कोण निघालं?"

"कोण म्हणजे?" त्यांनी मान वर केली. "ही तुमची परीक्षा नाही हो. तुम्हा दोघांची मापं एकमेकांशी जुळतात का, ते बघतेय. जुळली तर आमच्या नव्या गाडीच्या पिनांचं काम इथं. नाहीतर चेन्नईच्या कारखान्याला."

"आणि काम आलं तर दोन्ही पाळ्या सुरू होतील. दोघंही लागाल," विश्वजीत सर म्हणाले. "आधीच आशा लावायची नव्हती, म्हणून बोललो नाही."

आत्ता सांगावं, असं गोकुळला वाटलं. पण त्याने नुसतं हिमांशूकडे पाहिलं. हिमांशू खुर्चीत बसला होता आणि रुमालाने मानेवरचा घाम पुसत होता. याला कशाचा घाम, गोकुळला कळेना.

"वा," मॅडम म्हणाल्या. "दोघांत फरक जवळजवळ नाहीच."

सर मोठ्याने हसले. गोकुळ आकड्यांकडे बघत राहिला. दर पिनेला एक रेघ फरक यायला हवा होता. चावी निसटली असेल, नळी फिरलीच नसेल. असंच झालं असणार. त्याने देवाचे आभार मानले.

मॅडमनी पर्समधून छोटी डबी काढली. "आता शेवटचं. नुसतं जुळून भागत नाही, माप खरंही हवं. हा आमचा मास्टर पीस, बरोबर वीस मिलिमीटर. इथं एक रेघ जरी चुकली, तर माझा नाइलाज आहे."

हिमांशूने मोजलं. माप आलं २०.०१.

म्हणजे चावी निसटली नव्हती. गोकुळने आपला मायक्रोमीटर उचलला, मास्टर पीस जबड्यांत धरला आणि रेघ वाचली.

२०.०१.