नेव्हच्या कार्डाला वीज पुरेना

"रविवारी दुपारी तुझा हा डबा बंद पडणार," ट्रेव म्हणाला. "लाव पैज."

पैज म्हटलं की नेव्ह हॅसलमच्या अंगात यायचं. स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचत त्याने विचारलं, हरणाऱ्याने करायचं काय? आणि शेजाऱ्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, क्लबचा नियम.

ऑस्ट्रेलियातल्या मकाय गावच्या त्यांच्या क्लबात नियम असा, की पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर एकही बॉल भोकात न पाडता जो हरेल, त्याने पँट घोट्यापर्यंत सोडायची आणि तशीच टेबलाभोवती फेरी मारायची. नेव्हने टेबलाच्या जागी क्लबबाहेरची अख्खी हिरवळ लावली. तीही रविवारी, सॉसेज भाजायच्या वेळी, सगळा गाव तिथे असताना. कुंपणापलीकडून ट्रेवची बायको नोलीन म्हणाली, दोघांनाही म्हातारचळ लागलाय. झालं, पैज पक्की.

डबा म्हणजे नेव्हच्या गॅरेजमधला कॉम्प्युटर. सुरू व्हायचा झकास. पण गेम उघडला रे उघडला, की पंखे मिक्सरसारखे बोंबलायचे, स्क्रीन काळा व्हायचा आणि गाडी परत पहिल्या स्टेशनात.

साठीच्या माणसाला गेमचं कसलं आलंय वेड? त्याला पोरगा हवा होता. डेक्लन पार तिकडे पश्चिमेला, लोखंडाच्या खाणीवर, आणि कित्येक वर्षं बापाशी बोलत नव्हता. कारण विचारलं तर नेव्ह म्हणायचा, कारण कसलं, जराशी थट्टा केली होती.

ती थट्टा अशी. डेक्लनच्या साखरपुड्याची पार्टी क्लबातच होती. बापाने पोराला पूल खेळायला ओढलं, एक बॉल पाडू दिला नाही आणि होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर पँट सोडायला लावली. पोरगा गयावया करत होता. नेव्ह म्हणाला, नियम म्हणजे नियम. मुलीकडचे लोक न जेवता उठले. लग्न तिथेच मोडलं.

आणि आता अचानक पोराचा मेसेज. "फोनवर नाही जमायचं मला. रविवारी दुपारी मी हा गेम खेळतो. आलास तर खेळता खेळता बोलू. नाही आलास तर विषय संपला."

नेव्हने तो मेसेज ट्रेवला दहादा वाचून दाखवला. ट्रेव साखर कारखान्यातला जुना इलेक्ट्रिशियन. डेक्लन त्याच्याच हाताखाली काम शिकलेला. तुला काही कळवतो का कधी, असं नेव्हने चाचपून पाहिलं. ट्रेव म्हणाला, छे रे, मलाही विसरला तो.

पैज लावली तरी ट्रेव रोज मदतीला यायचा. पैज वेगळी, शेजार वेगळा, म्हणायचा. आधी त्याने पॉवर सप्लाय बदलायला लावला. गेमची चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड पैलवानाचं आणि विजेचा खुराक पोपटाचा, कसं चालणार? मोठा आणला, तरी डबा पडलाच. मग ट्रेव टॉर्च घेऊन आत डोकावला आणि हसत सुटला. ग्राफिक्स कार्डाला विजेची दोन तोंडं. नेव्हने एकाच वायरचे दोन फाटे दोन्ही तोंडांत कोंबले होते.

"एका नळीने दोन घोड्यांना पाणी पाजतोयस, लेका," ट्रेव म्हणाला आणि त्याने दुसरी वायर वेगळी ओढून दिली.

शनिवारी गेम चालला. चांगला तासभर चालला. नेव्हच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रेव कपाळाला हात लावून म्हणाला, आता मला धड चड्डी विकत घ्यायला हवी. नेव्ह खुशीत बिअर आणायला घरात गेला. परत आला तेव्हा ट्रेव डब्याचं झाकण लावत होता. धूळ होती, म्हणाला, पुसली.

रविवारी नेव्हने दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. गेममध्ये कोण बघणार होतं, पण घातला. खेळाडूंच्या यादीत डेक्लनच्या नावापुढे हिरवा दिवा होता. नेव्हने त्यावर टिचकी मारली.

स्क्रीन काळा.

परत लावला. परत काळा. झाकण उघडून त्याने कार्डातल्या दोन्ही वायरी दाबून पाहिल्या, घट्ट होत्या. त्यांची दुसरी टोकं मागे पत्र्याआड पॉवर सप्लायमध्ये जातात. तिकडे कुणीच बघत नाही, त्यानेही बघितलं नाही. डेक्लनला फोन लावला, तो उचलेना. मेसेज टाकला, जाईना. आणि बाहेर ट्रेव क्लबात न्यायला गाडीचा हॉर्न वाजवत होता.

नेव्हने अजिजी केली. आज नको, पोरगा तिकडे खोळंबलाय. ट्रेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फेरी मार, मग माझ्या फोनवरून लावू, म्हणाला. अनोळखी नंबर बघून उचलेल बघ.

एवढ्या आशेवर नेव्ह क्लबात गेला आणि हिरवळीवर त्याने पँट सोडली.

सॉसेज परतायची थांबली. कांद्याच्या धुरातून सगळे पुढे सरसावले. जो तो फोन काढून शूटिंग करत होता, ट्रेव सगळ्यांच्या पुढे. नेव्ह बदकासारखा फेंगडत निघाला. कोपऱ्यावर अडखळला, तोंडावर आपटला, गुडघा फुटला. टाळ्या पडल्या. त्यानेही हसून हात हलवला, कारण रडायची ही जागा नव्हती. उरलेली फेरी त्याने अर्धी रांगत काढली.

शेवटी धापा टाकत तो ट्रेवसमोर उभा राहिला. पँट वर घ्यायचंही भान नव्हतं.

"आता लाव," तो म्हणाला. "पोरगा वाट बघत असेल रे."

ट्रेवने फोनची काच त्याच्याकडे वळवली. व्हिडिओ कॉल केव्हाचाच लागलेला होता. पलीकडे खाणीवरची खानावळ, केशरी जाकिटं घातलेली दहा-बारा माणसं पोट धरून हसत होती आणि मधोमध डेक्लन बसला होता. बापाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"ट्रेव, मागची वायर झकास उपटलीस," तो म्हणाला. "पण फोन हलला रे जरा. अजून एक फेरी मारायला लाव त्याला."