ऑर्व्हलच्या बदल्यात

माझ्या बहिणीने ऑर्व्हलशी लग्न केले त्याच वर्षी आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा मालक प्रुइट याने ऑर्व्हलला शेजारगावच्या संघाला देऊन टाकले. त्याच्यासारखा चेंडू फेकणारा अख्ख्या जॉर्जियात नव्हता. ऑर्व्हलने विचारले, “साहेब, माझ्या बदल्यात कोण आलं?” “कोण नाही रे, मैदानाचा रोलर आला. निदान पगार तरी मागत नाही.” मैदान मीच राखायचो. तो गंजका रोलर बघून ऑर्व्हल मला म्हणाला, “तेल घालत जा त्याला, मेव्हण्या. आता घरचाच आहे तो.” पुढच्या उन्हाळ्यात त्याने आमच्याच मैदानावर नऊ डावांत, दर डावात तीन, असे आमचे सत्तावीस गडी एकही धाव न देता बाद केले. प्रुइट माझ्यावरच खेकसला, “मैदान एवढं सपाट कशाला केलंस, गाढवा?” तो रोलर मी मनापासून एकदाच ओढला, प्रुइटच्या थडग्यावरची माती दाबायला. प्रुइट एकोणीसशे एक्केचाळीसच्या ऑगस्टमध्ये मेला.